ऑपरेशनआधी विचारलेला एक साधा प्रश्न

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की भरती होण्याआधी एकदा भूलतज्ज्ञाला भेटावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेल. बीपी, शुगर, दम्याचा त्रास, हलणारा दात, चालू असलेल्या गोळ्या, असं सगळं विचारून झालं की एक प्रश्न येतो. ‘गेल्या दोन-तीन महिन्यांत ताप, खोकला, करोना असं काही झालं होतं का? नक्की कधी?’

आणि आपण बहुतेक जण काय सांगतो? ‘नाही हो, साधी सर्दी होती. आता एकदम बरं आहे.’ तारीख मिळालेली असते, मुलगा पुण्याहून किंवा बंगळुरूहून सुट्टी काढून आलेला असतो, पैशांची सोय झालेली असते. आता कुठे जुना खोकला उकरून काढायचा, असं वाटतं. या एका उत्तरावर किती काही अवलंबून असू शकतं, ते मला २०२१ च्या उन्हाळ्यात, इथे जबलपूरमध्ये, आमच्याच घरात कळलं. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मध्य प्रदेशातले करोनाचे पहिले रुग्ण आमच्याच शहरात सापडले. २० मार्च २०२० रोजी चौघांचे रिपोर्ट एकदम आले. तिघे दुबईहून परतलेले, एक जर्मनीहून. चार-पाच दिवसांत सगळा देश बंद झाला. गोलबाजार, सदर, ग्वारीघाट, सगळीकडे शुकशुकाट. त्या दिवसांतलं रस्त्यांवरचं रिकामेपण सगळ्यांना आठवतं, पण ऑपरेशन थिएटरांची रिकामी टेबलं फारशी कुणाला आठवत नाहीत. हर्निया, मोतीबिंदू, गुडघे, पित्ताशयातले खडे, गर्भाशयाच्या गाठी, जे जे ‘नंतर केलं तरी चालेल’ असं होतं ते सगळं पुढे गेलं. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने जगभरच्या सर्जन मंडळींनी एकत्र येऊन एक अंदाज काढला होता. पहिल्या लाटेच्या ऐन बारा आठवड्यांत जगात सुमारे २ कोटी ८४ लाख ठरलेली ऑपरेशनं रद्द होतील किंवा पुढे ढकलली जातील, असा तो होता.

तेव्हा अनेकांना वाटलं की रुग्णालयांनी घाबरून दारं लावून घेतली. खाटा आणि ऑक्सिजन करोनाच्या रुग्णांसाठी राखून ठेवायचे होते, हे एक कारण होतंच. पण दुसरंही एक कारण होतं. करोना अंगात असताना ऑपरेशन केलं तर काय होतं, याच्या ज्या बातम्या डॉक्टरांपर्यंत येत होत्या, त्या चांगल्या नव्हत्या.

पहिली बातमी वुहानचीच. तिथल्या चार रुग्णालयांत जानेवारी २०२० ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत अशा ३४ जणांची ऑपरेशनं झाली, ज्यांच्या शरीरात विषाणू आधीच शिरलेला होता, पण लक्षणं दिसत नव्हती. ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत त्यांना न्यूमोनिया झाला. १५ जणांना आयसीयूमध्ये न्यावं लागलं आणि सात जण दगावले. मग मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मोठा अभ्यास आला. २४ देश, २३५ रुग्णालयं, ११२८ रुग्ण. ऑपरेशनच्या आधीच्या सात दिवसांत किंवा नंतरच्या तीस दिवसांत करोना निघालेली ही माणसं. त्यांतले २३.८ टक्के लोक महिन्याभरात गेले. म्हणजे दर चौघांमागे जवळजवळ एक. निम्म्याहून अधिक जणांना फुप्फुसांचा गंभीर त्रास झाला आणि गेलेल्यांपैकी बहुतेक त्यातलेच होते.

यातली बरीचशी ऑपरेशनं तातडीची होती, त्यामुळे आकडा मोठा दिसणारच, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण त्याच अभ्यासात छोट्या ऑपरेशनांचा आकडाही वेगळा काढला होता आणि तोही १६.३ टक्के निघाला. एरवी ज्या ऑपरेशनानंतर माणूस दोन दिवसांत घरी येऊन वरणभात खातो, त्यासाठी हा आकडा फारच मोठा होता. सत्तरीच्या पुढचे आणि पुरुष यांना धोका जास्त दिसला.

असं का होत असेल, हे मी आमच्या भूलतज्ज्ञ बाईंना पुढे विचारलं होतं. त्यांनी समजावलं ते मला अजून लक्षात आहे. पूर्ण भूल देताना घशात नळी घालतात आणि श्वास यंत्राने चालवतात. माणूस आडवा, निश्चल असतो. फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही. ऑपरेशननंतर पोट दुखतं म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ आत साचतो. धडधाकट माणूस हे दोन-तीन दिवसांत निभावून नेतो. पण ज्याच्या फुप्फुसांना करोनाने आधीच सूज आणली आहे, त्याच्यावर हा दुसरा भार पडतो. शिवाय चिरा पडला की शरीर त्याला उत्तर म्हणून आणखी सूज निर्माण करतं, रक्त घट्ट व्हायला लागतं. करोनानेही रक्तात गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. दोन्ही एकाच वेळी आलं तर पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकायची भीती.

आता आमच्या घरची गोष्ट. माझ्या सासूबाई, वय अडुसष्ट, मधुमेह जुना. पित्ताशयात खडे असल्याचं सोनोग्राफीत दिसलं होतं आणि दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं एप्रिल २०२१ च्या शेवटी ठरलं होतं. दुसरी लाट आली आणि एप्रिलच्या मध्यावर आमचं सगळं घर आजारी पडलं. आईंचा ऑक्सिजन ९३-९४ वर घुटमळत राहिला. घरीच, डॉक्टरांच्या सांगण्यावरून काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालल्या, शुगर तीनशेच्या वर गेली, इन्सुलिन सुरू झालं. मेच्या पहिल्या आठवड्यात त्या उठून बसल्या. घरात सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली.

आणि दहाच दिवसांत पोटात कळ आली. रात्रभर उलट्या. सर्जननी तपासलं, सलाइन आणि अँटिबायोटिक दिलं, दोन दिवसांत दुखणं बसलं. पण आई आता हट्टाला पेटल्या. ‘एकदाचं काढून टाका ते. हे दुखणं मला पुन्हा नको.’ नागपूरहून नणंदबाईंचे दिवसातून तीन फोन. ‘रिपोर्ट निगेटिव्ह आलाय ना वहिनी? मग कशाला थांबताय?’ माझ्या मिस्टरांनाही तेच वाटत होतं. निगेटिव्ह म्हणजे करोना संपला, हा हिशेब सगळ्यांच्याच डोक्यात होता.

सर्जननी आम्हाला भूलतज्ज्ञांकडे पाठवलं. बाहेर बाकावर बसलेलो असताना आई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, ‘जिने चढताना दम लागतो ते सांगू नकोस हं. तारीख जाईल.’ आत गेल्यावर बाईंनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. ताप कुठल्या तारखेला आला, ऑक्सिजन किती होता, स्टेरॉइड किती दिवस घेतलं, अजून एक मजला चढल्यावर थांबावं लागतं, रात्री खोकला येतो. आई माझ्याकडे रागाने बघत राहिल्या. घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत.

भूलतज्ज्ञ बाईंनी कागदावर पहिल्या लक्षणाची तारीख लिहिली आणि तिथून सात आठवडे मोजले. सातच का, तर त्याला आधार होता. त्याच वर्षी मार्चमध्ये एक प्रचंड मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ११६ देशांतले १,४०,२३१ रुग्ण, त्यांतले ३१२७ जण आधी करोना होऊन गेलेले. ज्यांना करोना झालाच नव्हता त्यांच्यात ऑपरेशननंतर महिन्याभरात मृत्यूचं प्रमाण दीड टक्का होतं. करोनानंतर दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत ते ४.१ टक्के, तीन-चार आठवड्यांनी ३.९, पाच-सहा आठवड्यांनी ३.६. आणि सात आठवडे उलटले की पुन्हा दीड टक्क्यावर. दोन, चार किंवा सहा आठवडे थांबून फारसा उपयोग दिसत नव्हता. सातव्या आठवड्यानंतर मात्र धोका खाली येत होता.

पण त्यात एक मेख होती आणि ती आईंच्या बाबतीत महत्त्वाची ठरली. सात आठवड्यांनंतरही ज्यांची लक्षणं चालू होती, त्यांच्यातला धोका सहा टक्के होता. म्हणजे कॅलेंडरबरोबरच छातीकडेही बघायचं होतं. जूनच्या सुरुवातीला सात आठवडे भरले, आईंना घेऊन गेलो, बाईंनी त्यांना जिना चढायला लावला. पहिल्या मजल्यावर आई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. आणखी तीन आठवडे.

या तीन आठवड्यांत घरात शांतता होती असं समजू नका. थांबणं म्हणजे सुरक्षित, असं नसतं. खडा पित्तनलिकेत सरकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेतू शकतं. सर्जननी फ्रिजवर लावायला एक यादी दिली होती. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, दोन-तीन तासांत न थांबणारी कळ. यातलं काही दिसलं तर सात आठवडे वगैरे विसरा आणि ताबडतोब या, करोना असला तरी ऑपरेशन करावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी रोज सकाळी आईंचे डोळे उजेडात बघायची.

थांबायची सोयच नसलेली माणसंही आमच्या शेजारीच होती. पलीकडच्या घरातले काका, वय पंचावन्न, मधुमेह. एप्रिलमध्ये करोना, ऑक्सिजन, स्टेरॉइड. घरी आल्यावर आठवड्याभरात एक गाल दुखायला लागला, बधिर झाला, वरचे दात हलायला लागले. काकूंना वाटलं दाताचं दुखणं आहे. निघालं म्युकरमायकोसिस, ज्याला त्या दिवसांत सगळे ब्लॅक फंगस म्हणत होते. मेमध्ये केंद्र सरकारने राज्यांना त्याची नोंद सक्तीची करायला सांगितलं आणि मध्य प्रदेशात भोपाळ आणि जबलपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत त्यासाठी वेगळी व्यवस्था झाली. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून तिथला भाग मारते. मेलेल्या भागापर्यंत औषध पोचत नाही, त्यामुळे नुसत्या इंजेक्शनने भागत नाही. तो भाग कापून काढावा लागतो, आणि दिवस गेले की बुरशी डोळ्याकडे, मेंदूकडे सरकते.

तिथे सात आठवड्यांचा हिशेब कोण करणार? करोना होऊन महिनाही झाला नव्हता, फुप्फुसं कच्ची होती, शुगर वर होती, आणि तरी डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी काकांना टेबलावर घेतलं. वरच्या जबड्याचा एक भाग गेला. त्यांचा मुलगा ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी शहरभर फिरत होता, देशभर त्याचा तुटवडा होता. काका वाचले, डोळा वाचला. आज ते टाळूला कृत्रिम प्लेट लावून जेवतात, बोलणं थोडं नाकात येतं, पण संध्याकाळी फाटकाशी उभे राहून राजकारणावर तावातावाने बोलतात.

एकाच गल्लीत, एकाच महिन्यात, एका डॉक्टरांनी ‘थांबा’ म्हटलं आणि दुसऱ्यांनी ‘आत्ता’ म्हटलं. आईंना हे पटत नव्हतं. ‘त्यांचं लगेच केलं, माझंच का नाही?’ असं त्या विचारायच्या. पण दोन्ही डॉक्टर एकच गोष्ट तोलत होते. ऑपरेशन केल्याने जास्त नुकसान की न केल्याने? आणि हे तोलायला त्यांना घरच्यांकडून खरी माहिती हवी होती. ताप कधी, कुठली औषधं, आता काय होतंय. तपासणीत शुगर कळते, ऑक्सिजन कळतो. ‘पहिल्यांदा कणकण कधी वाटली’ हे मात्र आपणच सांगू शकतो.

थांबण्याची किंमतही मोजायला हवी, विशेषतः कर्करोगात. ६१ देशांतल्या २०,००६ रुग्णांच्या अभ्यासात असं दिसलं की पूर्ण लॉकडाउन असलेल्या भागांत, ऑपरेशन ठरलेल्या कर्करुग्णांपैकी साधारण सातांतल्या एकाचं ते झालंच नाही. त्या काळात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने वेगळी वाट धरली. डॉ. शैलेश श्रीखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या ऐन कडक दिवसांत कर्करोगाची ४९४ ठरलेली ऑपरेशनं केली. नंतर सहा जणांना करोना निघाला, सहाही बरे झाले. ऑपरेशननंतर एकही मृत्यू झाला नाही. रुग्ण नीट निवडून, पारखून घेतले तर महामारीतही काम चालू ठेवता येतं, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. पुढे ५५ देशांतल्या अभ्यासातही दिसलं की जिथे करोनाचे रुग्ण आणि ऑपरेशनचे रुग्ण यांची वाट, वॉर्ड, आयसीयू वेगळे ठेवले, तिथे फुप्फुसांचे त्रास निम्म्याहून कमी झाले, ४.९ टक्क्यांऐवजी २.२ टक्के. आमच्याकडून मुंबईला टाटात जाणारी कितीतरी कुटुंबं आहेत. त्या मार्चमध्ये गाड्याच बंद झाल्या. जे आधीच तिथे पोचले होते आणि जे इथे अडकले, त्यांच्या नशिबात केवढा फरक पडला असेल!

आईंचं ऑपरेशन जूनच्या शेवटी झालं. त्याआधी तीन आठवडे घरात एक खेळणं आलं होतं. तीन रंगीत चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र तुम्हीही पाहिलं असेल. नळीतून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर उचलायचे. सुरुवातीला एकच चेंडू जेमतेम हलायचा. नातवाने वहीत रोजचा हिशेब ठेवला. आज दीड चेंडू, आज दोन. तिसरा चेंडू वर गेला त्या दिवशी आई स्वतःहून मजला चढल्या आणि गच्चीवरून हाक मारली. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी त्यांना उठवून चालवलं, चौथ्या दिवशी घरी आल्या. ‘दम लागतो’ हे मी सांगितल्याचा राग मात्र त्यांनी दिवाळीपर्यंत मनात धरला होता.

आज परिस्थिती बदलली आहे. लसी झाल्या, विषाणूही पहिल्यासारखा राहिला नाही, आणि नियम सैल झाले. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की करोनानंतर पहिले दोन आठवडे ठरवून करायची ऑपरेशनं टाळावीत. दोन ते सात आठवड्यांच्या मधल्या काळात रुग्णाचं वय, इतर आजार, करोना किती जोराचा होता आणि ऑपरेशन किती मोठं आहे, हे बघून डॉक्टर आणि रुग्णाने मिळून ठरवावं. म्हणजे आमच्या आईंना सांगितलेला आकडा तुम्हाला लागू होईलच असं नाही. तुमच्या डॉक्टरांनी कमी दिवस सांगितले तर घाबरू नका, जास्त सांगितले तर चिडू नका.

तुमच्या घरी ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर एवढं करा. शेवटचा ताप-खोकला किंवा करोना कधी झाला, त्याची तारीख कागदावर लिहून ठेवा. टेस्ट केली नसेल तर तसंही सांगा. त्या वेळी घेतलेल्या औषधांची चिठ्ठी बरोबर न्या, स्टेरॉइड आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तर नक्कीच. मधुमेह असेल तर गेल्या आठवड्याची शुगर लिहून न्या. पूर्वी जेवढे जिने चढता येत होते तेवढे आता चढता येतात का, ते खरं सांगा. तंबाखू, बिडी, सिगारेट असेल तर तेही, लाजू नका. आणि तारीख पुढे गेलीच तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून घ्या. थांबण्याच्या काळात कोणती लक्षणं दिसली तर लगेच यायचं, आणि तोपर्यंत तब्येत सुधारायला घरी काय करायचं.

ते चेंडूंचं यंत्र आमच्या कपाटात अजून आहे. गल्लीत कुणाचं ऑपरेशन निघालं की आई ते स्वतः नेऊन देतात, आणि देताना बजावतात, ‘खोकला असेल तर डॉक्टरांना सांग हो. लपवू नकोस.’